आंबा बागायतदाराची वेबसाइट: डिझाइनच्या आधी आणि नंतर

रत्नागिरी, देवगडकडचे बरेच बागायतदार आता व्यापाऱ्याकडे पेट्या पाठवतात आणि सोबत थेट गिऱ्हाइकालाही आंबा विकतात. सुरुवात वॉट्सअ‍ॅपवर होते, ओळखीतून ओळखी निघतात, आणि एखाद्या हंगामात फोन घेता घेता पुरेवाट होते. मग ठरतं, ‘वेबसाइट करून घेऊ.’ वेब डिझायनरकडे गेल्यावरचं पहिलं वाक्यही साधारण ठरलेलं असतं: ‘अमक्यासारखी छान साइट हवी, किती घ्याल?’ या प्रश्नाला तिथल्या तिथे आकडा सांगितला की काम बिघडायला सुरुवात होते. काय बनवायचं आहे हे तोवर दोघांनाही माहीत नसतं.

व्यवसायासाठी वेबसाइट कशी आखायची, हे इथे हापूसच्या थेट विक्रीचं उदाहरण धरून सांगितलं आहे. वेबसाइट करून घेणाऱ्याला आणि करून देणाऱ्याला, दोघांनाही ते उपयोगी पडावं. आंब्याच्या जागी पैठणी असो की कोकणातला होमस्टे, तपशील बदलतील, पण कामाचा क्रम हाच राहील.

गिऱ्हाईक काय विचारतं, ते आधी काढा

पहिल्या बैठकीत रंग, लोगो, ‘आवडलेल्या साइट्स’ हे विषय काढायचेच नाहीत. मालकाच्या फोनवरची गेल्या हंगामातली वॉट्सअ‍ॅप संभाषणं उघडायला सांगायची आणि निदान शंभर गिऱ्हाइकांचे पहिले दोन-तीन प्रश्न एका वहीत उतरवायचे. तास-दीड तासाचं काम आहे. या कामाला लागणाऱ्या सगळ्या कौशल्यांपेक्षा ही यादी जास्त मोलाची ठरते, कारण साइटवर काय लिहायचं आणि कुठल्या क्रमाने लिहायचं, ते तिच्यातून आपोआप मिळतं.

आंब्याच्या बाबतीत तेच ते प्रश्न फिरून फिरून येतात. डझनाला काय भाव? आमच्याकडे पोचेल का, आणि कधी? फळ केवढं असतं? तयार मिळतील की कच्चे? खराब निघाले तर? नैसर्गिक पिकवलेले आहेत का? देवगडचेच कशावरून? ‘तुमच्या बागेचा इतिहास सांगा’ असं विचारणारं गिऱ्हाईक शंभरात क्वचित सापडतं, आणि नेमकी त्याच मजकुराने बहुतेक साइट्सची सुरुवात होते. आजोबांनी कलमं कधी लावली हे जरूर लिहावं, त्याने विश्वास बसतो. पण त्याची जागा भाव आणि पिनकोड यांच्या खाली.

यादी झाली की मालकाला तीन गोष्टी विचारायच्या. एका दिवसात जास्तीत जास्त किती पेट्या बांधून पाठवता येतात? भाव किती दिवसांनी बदलतो? ऑर्डर बघायला रोज कोण बसणार? या उत्तरांवरच साइटचा प्रकार ठरतो. दिवसाला पाच-दहा ऑर्डर असतील आणि बसायला घरातलं एकच माणूस असेल, तर पहिल्या हंगामात ऑनलाइन पेमेंटचं दुकान उभारायची गरज नाही. पाच-सहा पानं, ताजा भाव आणि वॉट्सअ‍ॅपवर तयार मजकुरासह ऑर्डर पाठवणारं बटण एवढं पुरतं. ऑर्डरी त्याच्या पुढे गेल्या, पैसे कुणाचे आले आणि कुणाचे राहिले याचा हिशेब लागेनासा झाला, की मग कार्ट (निवडलेल्या मालाची ऑनलाइन टोपली) आणि पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा). डिझायनरला मोठं काम मिळावं म्हणून हे उलटं करू नये. न वापरलेलं दुकान पुढच्या वर्षी बंद पडतं आणि नाव डिझायनरचं खराब होतं.

वॉट्सअ‍ॅपच्या बटणात एक साधी चूक सर्रास होते. लिंकमध्ये नंबर देशाच्या कोडासह लागतो, म्हणजे आधी ९१ आणि मग दहा आकडे. अधिकचं चिन्ह, सुरुवातीचं शून्य किंवा मधली मोकळी जागा ठेवली की लिंक चालत नाही. शिवाय बटणासोबत आधीच भरलेला मजकूर द्यावा: ‘१ डझन, २५० ग्रॅम, पिनकोड: ’. गिऱ्हाईक फक्त पिनकोड लिहितं आणि पाठवतं, तिन्ही उत्तरं एकदमच हाती येतात.

वेळापत्रक हंगामाकडून मागे मोजा

हापूसची खरी विक्री मार्चच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत. साइट फेब्रुवारीच्या सुरुवातीला तयार हवी, म्हणजे चाचण्यांना महिना मिळतो. तिथून मागे गेलं तर बांधणी डिसेंबर-जानेवारीत, मजकूर आणि आराखडा ऑक्टोबर-नोव्हेंबरात. जानेवारीत मोहोर बघून फोन करणाऱ्या मालकाला ‘या वर्षी साधं पान करू, दुकान पुढच्या वर्षी’ असं स्पष्ट सांगावं.

या वेळापत्रकात एक गोष्ट जवळजवळ प्रत्येकाची राहते: फोटो. पिकलेल्या हापूसचा, आढीचा, पेटी भरतानाचा फोटो फक्त हंगामातच मिळतो. साइट डिसेंबरात बनते. तेव्हा बागेत फळच नसतं, म्हणून मग इंटरनेटवरून ‘मँगो’ शोधून कुठल्यातरी परदेशी जातीचा लालभडक आंबा लावला जातो. आंबा ओळखणाऱ्या गिऱ्हाइकाला ते पहिल्या नजरेत कळतं आणि ‘देवगडचेच कशावरून’ या प्रश्नाचं उत्तर तिथेच उलटं मिळतं. त्यामुळे साइट करायचं नक्की नसलं तरी यंदाच्या हंगामात फोटो काढून ठेवावेत. सकाळच्या उन्हात, सावलीच्या कडेला, साध्या फोनवर काढले तरी चालतात. झाडावरचं फळ, पेंढ्यातलं फळ, वजनकाट्यावरचं एक फळ आकड्यासह, कापलेली फोड, उघडी पेटी वरून, बंद पेटी बाजूने, आणि हाताच्या तळव्यावर ठेवलेलं फळ. शेवटचा फोटो सर्वांत जास्त उपयोगी, कारण २५० ग्रॅम म्हणजे केवढं ते आकड्यापेक्षा तळव्यावर लवकर कळतं.

मजकूर आधी, डिझाइन नंतर

खोट्या मजकुरावर सुंदर डिझाइन करून मंजुरी घ्यायची आणि खरा मजकूर नंतर ओतायचा, हा क्रम फार चालतो आणि जवळजवळ दर वेळी फसतो. डिझाइनमध्ये दोन ओळींचा चौकोन असतो, मालकाचा मजकूर येतो अकरा ओळींचा. मग डिझायनर मजकूर कापतो, मालक नाराज होतो, दुरुस्त्या सुरू होतात. म्हणून आधी प्रत्येक पानाचा मजकूर एका साध्या फाइलमध्ये तयार करावा: पानाचं नाव, ते कुठल्या प्रश्नाचं उत्तर देतं, प्रत्यक्ष मजकूर, लागणारे फोटो, आणि वाचून झाल्यावर गिऱ्हाइकाने काय करायचं. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर ते पान बहुधा लागणारच नाही.

या व्यवसायाला सहा पानं पुरतात: मुख्यपान, आंबे आणि भाव, पोचवण्याची माहिती, पिकवणं आणि खराब फळाबद्दल, आमची बाग, संपर्क. पेमेंट घेणार असाल तर त्यात गोपनीयता, अटी आणि परताव्याचं धोरण ही पानं वाढतात. पेमेंट गेटवे कंपन्या खातं मंजूर करताना ही पानं साइटवर आहेत का ते तपासतात. ती नसल्यामुळे आठवडाभर अर्ज अडकतो, तोही ऐन मार्चमध्ये.

भावाच्या पानावरचा मजकूर असा हवा:

‘देवगड हापूस, १ डझन. एका फळाचं वजन २५० ते २७५ ग्रॅम. चौदा आणे तयारीची फळं झाडावरून उतरवून पेंढ्यात बांधून पाठवतो. हातात येतील तेव्हा कडक आणि हिरवट असतील. पेटीतून काढून पेंढ्यात किंवा कागदावर एक थर पसरून ठेवा. साधारण आठवडाभरात पिकतील. पिकेपर्यंत फ्रिजमध्ये ठेवू नका.’

यात ‘अस्सल’, ‘अप्रतिम’, ‘स्वर्गीय चव’ असलं काही नाही आणि त्याची गरजही नाही. ‘हिरवट असतील’ या दोन शब्दांनी मात्र हंगामातले कित्येक तक्रारीचे फोन वाचतात. शहरातल्या नव्या गिऱ्हाइकाची अपेक्षा पेटी उघडताच केशरी फळ दिसावं अशी असते.

दुसरा मजकूर साक्याचा. बहुतेक साइट्स या विषयाला हातच लावत नाहीत, पण गिऱ्हाइकाच्या मनात तो असतोच. साका बाहेरून ओळखता येत नाही. फळ कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा, आंबट भाग निघतो. यात लपवण्यासारखं काही नाही, हापूसचा तो माहीत असलेला दोष आहे. मालकाने धोरण ठरवायचं आणि ते आकड्यांत लिहायचं: कापल्यापासून २४ तासांत फळाचा फोटो या नंबरवर पाठवा, डझनात एक फळ खराब निघालं तर पुढच्या ऑर्डरमध्ये एक जास्त, तीन किंवा जास्त निघाली तर तेवढ्या फळांचे पैसे परत. आकडे प्रत्येकाने आपल्या हिशेबाने घालावेत. ‘योग्य ती दखल घेतली जाईल’ असं मोघम लिहिलं की भांडण नक्की.

भौगोलिक मानांकनाबद्दलही नेमकं लिहावं. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं आणि त्यात रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे, पालघर हे जिल्हे येतात. पण ते चिन्ह वापरण्यासाठी बागायतदाराची स्वतःची नोंदणी लागते. प्रमाणपत्र असेल तर त्याचा क्रमांक साइटवर द्या. नसेल तर चिन्ह लावू नका, आणि डिझायनरनेही ‘सगळेच लावतात’ म्हणून ते डकवू नये.

मराठी अक्षरांचे खास प्रश्न

छापखान्यात केलेल्या जुन्या पत्रकातला मजकूर बऱ्याचदा युनिकोडपूर्व, म्हणजे आजची सगळीकडे चालणारी अक्षर-पद्धत येण्याआधीच्या, फाँटमध्ये असतो. तो उचलून साइटवर टाकला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. कन्व्हर्टरने बदलता येतो, पण जोडाक्षरं, रफार आणि पहिली वेलांटी यांत चुका राहतात. म्हणून बदललेला मजकूर कुणीतरी ओळीनं ओळ वाचलाच पाहिजे. दोन पानांचा मजकूर असेल तर नव्याने टाइप करणं जास्त लवकर होतं.

देवनागरीत मात्रा वर जातात, उकार खाली. इंग्रजीसाठी ठेवलेलं ओळींमधलं अंतर मराठीला अपुरं पडतं. अक्षराच्या आकाराच्या १.६ ते १.७ पट अंतर ठेवा आणि मुख्य मजकूर १७-१८ पिक्सेलपेक्षा लहान नको. अक्षरांमधलं अंतर वाढवायची सेटिंग बऱ्याच तयार थीममध्ये शीर्षकांना लावलेली असते. तिने शिरोरेषा तुटते, ती शून्य करा. तिरपा प्रकारही टाळा. बहुतेक देवनागरी फाँटमध्ये खरा तिरपा नसतो, ब्राउझर सरळ अक्षरच वाकवून दाखवतो.

मुक्त किंवा बालू २ हे मुंबईच्या एक टाइपने केलेले फाँट गूगलवर मोफत मिळतात आणि मराठी-इंग्रजी दोन्ही नीट सांभाळतात. देवनागरी फाँटची फाइल जोडाक्षरांमुळे मोठी असते, म्हणून साधा आणि ठळक एवढे दोनच प्रकार घ्या. कोडमध्ये पानाची भाषा मराठी अशी नोंदवायला विसरू नका. काही फाँट ती नोंद बघूनच ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात, आणि आंधळ्या वाचकांना पान वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तिचीच गरज असते.

पानाचा पत्ता मात्र देवनागरीत ठेवू नये. वॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवली की देवनागरीचं प्रत्येक अक्षर किंवा मात्रा टक्क्याच्या चिन्हांसह नऊ वर्णांची होते आणि ‘देवगड-हापूस’ एवढ्याशा पत्त्याची शेपटी स्क्रीनभर पसरते. वर्डप्रेस (साइट बांधायचं सॉफ्टवेअर) पत्त्याचा हा भाग २०० वर्णांपर्यंत साठवतं, म्हणजे जेमतेम बावीस देवनागरी चिन्हं. त्यापुढचा पत्ता मध्येच कापला जातो. पत्ता रोमनमध्ये लहान ठेवा, पानाचं शीर्षक मराठीत. गूगलवर लोक ‘हापूस’ही शोधतात आणि ‘अल्फान्सो’ही, देवनागरीत आणि रोमनमध्येही. तेव्हा शीर्षकात आणि पहिल्या परिच्छेदात दोन्ही नावं सहज येतील असं लिहा.

डिझाइन: ३६० पिक्सेलपासून

आता डिझाइन. सुरुवात लॅपटॉपच्या स्क्रीनवर न करता ३६० पिक्सेल रुंदीच्या कागदी चौकटीत करावी. साध्या अँड्रॉइड फोनची ती रुंदी आहे आणि आंब्याचं गिऱ्हाईक वॉट्सअ‍ॅपवर आलेली लिंक दाबून तिथेच येतं. पहिल्या स्क्रीनवर, बोट न सरकवता, पाच गोष्टी दिसल्या पाहिजेत: काय विकता, कुठलं, आजचा भाव, ‘तुमच्याकडे पोचतं का’ यासाठी पिनकोडचा रकाना, आणि ऑर्डरचं बटण. आपोआप सरकणारे मोठमोठे फोटो इथे नकोत. पहिला फोटो लोक बघतात, बाकीचे फक्त पान जड करतात.

आंब्याची साइट म्हटली की पिवळा-केशरी रंग येणारच. त्यात एक खोड आहे. आंब्याच्या पिवळ्या बटणावर पांढरी अक्षरं सुंदर दिसतात पण उन्हात वाचता येत नाहीत. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक निदान ४.५ पट असावा असं वेब-सुलभतेचं मान्य प्रमाण आहे. ठसठशीत पिवळ्या-केशरीवर पांढरी अक्षरं साधारण १.८ भरतात. तीच अक्षरं काळी केली तर अकराच्या वर जातात. तेव्हा पिवळं ठेवायचं तर अक्षरं गडद ठेवा. बटणाची उंची ४८ पिक्सेल, दोन बटणांमध्ये निदान ८ पिक्सेल मोकळे.

फोनवरचा मूळ फोटो ४-५ एमबीचा असतो. असे सहा लावले की पान २५ एमबीच्या घरात, आणि डेटा कमी असलेला माणूस थांबत नाही. रुंदी १६०० पिक्सेलपर्यंत आणा, वेबपी या हलक्या फोटो-प्रकारात साठवा, फाइल १५०-२०० केबीच्या आत येते आणि फोनवर फरक दिसत नाही. कोडमध्ये फोटोची रुंदी-उंची लिहा. ती लिहिली नाही तर फोटो उशिरा उतरल्यावर मजकूर खाली ढकलला जातो आणि गिऱ्हाइकाचं बोट भलत्याच बटणावर पडतं. मुख्य फोटो किंवा मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसावा, असं गूगलचं प्रमाण आहे. वायफायवर मोजून उपयोग नाही, मोबाइल डेटावर मोजा.

वॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवल्यावर सोबत दिसणारं चित्र वेगळं तयार करावं लागतं: १२०० बाय ६३० पिक्सेल, ३०० केबीच्या आत. ते दिलं नाही तर कधी लोगोचा तुकडा दिसतो, कधी काहीच नाही. या धंद्यात हेच चित्र म्हणजे दुकानाची पाटी, म्हणून त्यावर अर्धा तास जास्त घालवावा.

पिनकोड, साठा आणि पैसे

ऑनलाइन ऑर्डर घ्यायच्या तर सगळ्यात जास्त गोंधळ पिनकोडमध्ये होतो. ‘मुंबईत पोचवतो’ म्हणून डिझायनर ४०० ने सुरू होणारे सगळे पिनकोड चालू करतो. मग ठाण्याचं आणि वाशीचं गिऱ्हाईक ऑर्डर देऊ शकतं, पण डोंबिवली-कल्याणचं नाही, कारण तिथे ४२१. खारघर, पनवेलही नाही, कारण तिथे ४१०. पुण्याचंही तसंच: शहर ४११, पण भोवतालचा बराच भाग ४१२ आणि ४१०. आणि सरसकट ४१० चालू केलं तर पनवेलपासून पुणे जिल्ह्यापर्यंत सगळंच उघडतं. म्हणून मालकाच्या कुरिअरवाल्याकडून किंवा टेम्पोवाल्याकडून पूर्ण सहा आकडी यादीच घ्यावी. वूकॉमर्समध्ये (वर्डप्रेसवर दुकान चालवणारं जोड-सॉफ्टवेअर) पोचवण्याचे विभाग वरून खाली तपासले जातात आणि पहिला जुळणारा विभाग लागू होतो. ‘उर्वरित महाराष्ट्र’ चुकून वर राहिला तर मुंबईच्या गिऱ्हाइकालाही लांबचं भाडं लागतं.

साठ्याचं दुसरं. शेवटच्या चार पेट्या उरल्या असताना कुणी ऑर्डर टाकून पैसे भरलेच नाहीत, तर वूकॉमर्स ती पेटी मुळात ६० मिनिटं अडवून ठेवतं. सकाळच्या गर्दीत हा वेळ फार आहे, १५ मिनिटं करा. पोचवण्याचे दिवसही साइटने सांभाळायला हवेत. लांबच्या ऑर्डरी सोमवार ते बुधवार एवढ्याच पाठवल्या तर पेटी रविवारी कुरिअरच्या गोदामात उकडत पडत नाही. दिवसाला बांधता येणाऱ्या पेट्यांचा आकडा भरला की त्या दिवशीची नोंदणी आपोआप बंद व्हावी.

पेमेंट गेटवेचं शुल्क कार्डवर साधारण दोन टक्के आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. हजार रुपयांच्या ऑर्डरवर २० आणि ३.६०, म्हणजे २३.६०. यूपीआयवर एमडीआर (व्यवहारामागे दुकानदाराकडून घेतलं जाणारं बँकांचं शुल्क) शून्य असला तरी गेटवे स्वतःचं शुल्क लावू शकतो, करार नीट वाचावा. परतावा दिला तरी कापलेलं शुल्क बहुधा परत मिळत नाही, तेव्हा साक्याचं धोरण ठरवताना तेही धरा. ताज्या आंब्यावर जीएसटी नाही, डबाबंद आमरसावर आहे. कर सगळ्या दुकानाला एकच न लावता मालानुसार लावायचा.

ग्राहक संरक्षणाचे २०२० सालचे ई-कॉमर्स नियमही लक्षात ठेवावे लागतात. विक्रेत्याचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर हवं. लहान धंद्यात हा अधिकारी म्हणजे मालक स्वतः. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याच्या आत. आधीच टिक केलेला संमतीचा चौकोन चालत नाही. आमरस, आंबापोळी, लोणचं विकत असाल तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा परवान्याचा) चौदा आकडी क्रमांक पानाच्या तळाशी द्या.

करार आणि चाव्या

लेखी करार दोन पानांचा पुरे, पण त्यात आकडे हवेत. किती पानं, डिझाइनच्या दुरुस्तीच्या किती फेऱ्या (दोन पुरतात), मजकूर आणि फोटो कुठल्या तारखेपर्यंत मालक देणार, उशीर झाला तर साइट लाइव्ह, म्हणजे लोकांसाठी खुली, होण्याची तारीख किती पुढे जाणार, लाइव्ह झाल्यावर किती दिवस दुरुस्ती मोफत, आणि नंतर देखभालीचे वर्षाला किती. पैसे ४०-३०-३० असे: काम सुरू करताना, डिझाइन मंजूर झाल्यावर, आणि लाइव्ह होण्याआधी. ‘एवढं जरा करून द्या’ अशा मागण्या येणारच. त्या नाकारू नयेत, पण त्यांची वेगळी यादी करून दर महिन्याला त्यांचा भाव सांगावा.

डोमेन (साइटचं इंटरनेटवरचं नाव) मालकाच्या स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या ईमेलवर घ्यायचं, यात तडजोड नको. डिझायनरने आपल्या खात्यात घेऊन दिलेलं डोमेन पुढे संबंध बिघडले, फोन बदलला, की अडकतं. पहिल्या वर्षाची स्वस्त किंमत बघून भुलू नका, नूतनीकरणाची किंमत विचारा. पाच वर्षांसाठी एकदम घेतलं तर नूतनीकरण विसरायची भीती उरत नाही. आंब्याच्या धंद्यात ही भीती खरी आहे, कारण हंगाम संपला की नऊ महिने साइटकडे कुणी फिरकत नाही आणि मार्चमध्ये पाहावं तर डोमेन गेलेलं. डॉट कॉम डोमेन मुदतीनंतर सवलतीच्या काळातून ३० दिवसांच्या सोडवणुकीच्या काळात जातं. तेव्हा परत मिळवायला नेहमीच्या किमतीच्या कितीतरी पट पैसे पडतात. आणखी पाच दिवसांनी ते कुणालाही खुलं.

डोमेन, होस्टिंग (साइट ठेवायची जागा), वर्डप्रेस, पेमेंट गेटवे, गूगल सर्च कन्सोल (लोक गूगलवरून साइटवर कसे येतात ते दाखवणारं साधन), गूगल बिझनेस प्रोफाइल (गूगलवरची धंद्याची नोंद): या सगळ्या खात्यांचा मुख्य ईमेल मालकाचा, डिझायनरला त्यात कामापुरता प्रवेश. पासवर्डचा कागद कपाटात ठेवला तरी चालेल, पण तो असायला हवा.

लाइव्ह करताना

जुनी साइट किंवा डोमेनवर चालणारा ईमेल असेल तर नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी जिथे ठेवल्या जातात ते ठिकाण) बदलण्याआधी सगळ्या नोंदी उतरवून घ्या. ईमेलच्या एमएक्स नोंदी नव्या ठिकाणी टाकायच्या राहिल्या की साइट झकास चालते आणि मेल गुपचूप बंद पडतात. आदल्या दिवशी नोंदींचा टीटीएल (जुनी नोंद किती वेळ धरून ठेवायची तो काळ) ३०० सेकंदांवर आणला तर बदल लवकर पसरतो. जुन्या पानांचे पत्ते नव्या पानांकडे ३०१ रिडायरेक्टने वळवा, नाहीतर गूगलमधून येणारी माणसं रिकाम्या पानावर आदळतात.

वर्डप्रेसच्या वाचनाच्या सेटिंगमध्ये ‘सर्च इंजिनांना येऊ देऊ नका’ असा चौकोन असतो. बांधणी चालू असताना तो टिक केलेला असतो आणि लाइव्ह करताना काढायचा राहतो. साइट दोन महिने गूगलवर दिसत नाही याचं कारण बऱ्याचदा एवढंच निघतं.

संपर्काचा फॉर्म भरून बघा आणि मेल खरोखर इनबॉक्समध्ये आला का ते पाहा. सर्व्हरवरून थेट सुटणारे मेल स्पॅममध्ये जातात. एसएमटीपीने, म्हणजे खऱ्या मेल खात्यातून, पाठवा आणि डोमेनच्या एसपीएफ, डीकेआयएम (मेल तुमच्याच डोमेनचा आहे हे पटवणाऱ्या) नोंदी करा. ऑर्डर एक रुपयाच्या चाचणी-मालावर शेवटपर्यंत देऊन बघा, परतावाही करून बघा. ही चाचणी वॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राममधून उघडलेल्या लिंकवरही करा, कारण त्यांच्या आतल्या ब्राउझरमध्ये यूपीआयचं अ‍ॅप कधी कधी उघडतच नाही. वेग वाढवणारं कॅशिंग (पानाची साठवलेली प्रत दाखवणं) लावलं असेल तर कार्ट आणि पेमेंटची पानं त्यातून वगळा. भाव बदलल्यावर कॅश रिकामी होते का तेही बघा. ती झाली नाही तर गिऱ्हाइकाला कालचा भाव दिसतो आणि पैसे भरताना आजचा.

भाव बदलणं मालकाने स्वतः, स्वतःच्या फोनवरून, डिझायनरसमोर तीनदा करून दाखवल्यावरच काम पूर्ण धरावं. मोबाइलवरून दोन मिनिटांत जमत नसेल तर हंगामात तो भाव बदलणार नाही, आणि जुना भाव दाखवणारी साइट नसलेलीच बरी.

जूनमध्ये पेट्या संपल्या की साइट बंद करू नका. मुख्यपानावर ‘हंगाम संपला, पुढच्या वर्षीची नोंदणी’ असं लिहून नाव, फोन आणि पिनकोड एवढे तीनच रकाने ठेवा आणि हे नंबर कशासाठी वापरणार ते खाली एका ओळीत सांगा. सर्च कन्सोलमधून लोकांनी काय शोधून साइट उघडली ती यादी उतरवून घ्या. ज्या पिनकोडवरून ऑर्डर आल्या आणि ज्यांना ‘पोचत नाही’ असं उत्तर मिळालं, त्या दोन्ही याद्या शेजारी ठेवून टेम्पोवाल्याशी पुढच्या वर्षीचं बोलणं जुलैतच करून टाकता येतं.